साखर घातली, तरी निळंच का राहतं?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रात्यक्षिकांचे दिवस आले की हा प्रश्न हमखास येतो: साखरेच्या पाण्यात बेनेडिक्टचं द्रावण (ग्लुकोजसारख्या साखरा ओळखायचं निळं द्रावण) घालून उकळलं, तरी निळा रंग हलला नाही. द्रावण खराब झालंय का?

द्रावण बहुतेक वेळा उत्तम असतं. ते साखरेची गोडी ओळखत नाही, रेणूचं मोकळं टोक ओळखतं. द्रावणात मोरचुदातलं तांबं असतं. आम्लारी माध्यमात तापवल्यावर ग्लुकोजचं मोकळं टोक त्या तांब्याला इलेक्ट्रॉन देतं आणि विटकरी क्युप्रस ऑक्साइडचा साका बसतो. घरातली साखर म्हणजे सुक्रोज. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज नेमके याच टोकांनी जोडलेले असतात, मग इलेक्ट्रॉन द्यायला मोकळं काही उरतच नाही. मधात हे दोन्ही सुटे असतात, म्हणून मध लगेच रंग देतो. गुळातही थोडे सुटे असतात. दुधातल्या लॅक्टोजचं एक टोक मोकळं असतं, तेही चालतं.

साखरेकडून उत्तर हवंच असेल तर आधी जोड तोडा. तिच्या 5 मिलि पाण्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे पाच-सहा थेंब घालून परीक्षानळी उकळत्या पाण्यात 5 मिनिटं ठेवा. गार झाल्यावर खाण्याचा सोडा चिमूट चिमूट घाला, फसफस थांबेपर्यंत. एकदम घातलात तर सगळं नळीबाहेर येईल. लाल लिटमस निळा झाला की पुढे जा. बहुतेकांचं इथेच चुकतं: आम्ल तसंच राहिलं तर ते बेनेडिक्टमधला, माध्यम आम्लारी ठेवणारा सोडियम कार्बोनेट खाऊन टाकतं आणि जोड तुटूनही रंग येत नाही. आता नवी नळी घ्या. तिच्यात बेनेडिक्टचं द्रावण 5 मिलि आणि या पाण्याचे फक्त आठ-दहा थेंब. पुन्हा उकळत्या पाण्यात 3 ते 5 मिनिटं. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी हा क्रम साखरेच्या प्रमाणानुसार येतो, त्यामुळे हिरव्यावर थांबलं तर प्रयोग फसला असं लिहू नका. साखर कमी आहे, एवढंच. नळी थेट ज्योतीवर धरू नका, द्रव उसळून अंगावर येतो.

स्टार्चचीही हीच गत. सगळा ग्लुकोजचाच, पण लांबच लांब साखळीला मोकळं टोक एकच, म्हणून बेनेडिक्टला तो जवळजवळ दिसत नाही. आयोडीनला दिसतो, कारण साखळीच्या वेटोळ्यात आयोडीन अडकून निळा-काळा रंग येतो. पेज गरम असताना मात्र आयोडीन घालू नका, उष्णतेने वेटोळं सैल पडतं आणि रंग उडतो. गार होऊ द्या.

प्रथिनांच्या बाय्युरेट चाचणीत घोळ वेगळाच. इथे तांबं पेप्टाइड बंधांना, म्हणजे प्रथिनातली अमिनो आम्लं जोडणाऱ्या बंधांना धरतं आणि जांभळा रंग येतो. अंड्याच्या पांढऱ्यात पाणी मिसळून 2 मिलि घ्या, तेवढंच सोडियम हायड्रॉक्साइड घाला आणि मोरचुदाचं 1 टक्क्याचं द्रावण दोन-तीन थेंबच टाका. हात सैल सोडलात तर निळा कॉपर हायड्रॉक्साइड जांभळ्याला झाकून टाकतो आणि वहीत 'प्रथिन नाही' असं लिहिलं जातं.

प्रत्येक चाचणीसोबत नुसत्या पाण्याची एक नळी लावाच. हिरवट झालंय की निळंच आहे, असा वाद झाला की दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदासमोर शेजारी धरा.