शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी : पाहायला जाणाऱ्यांसाठी

शिवनेरीवर बहुतेक लोक शिवजन्मस्थान पाहण्यासाठी जातात. आम्ही पुण्याहून निघालो ते मात्र गडाच्या कातळात वाढणाऱ्या शिंदळ माकुडीची फुले पाहण्यासाठी. फ्रेरिया इंडिका या शास्त्रीय नावाने ओळखली जाणारी ही रुईच्या कुळातील मांसल वनस्पती जगात केवळ महाराष्ट्राच्या सह्याद्रीत, मोजक्याच डोंगरकड्यांवर आढळते. जगातील सर्वाधिक संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींच्या यादीत आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने एके काळी तिचा समावेश केला होता.

तिची पहिली शास्त्रीय नोंद जुन्नर परिसरातील डोंगरांवरूनच झाली. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी निकोल डॅल्झेल यांनी 1865 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव तिला दिले. गणेशखिंडीतील ज्या वास्तूत आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, ती याच फ्रियर यांच्या कारकिर्दीत गव्हर्नरांच्या निवासासाठी बांधायला घेतली होती. अलीकडचे अभ्यासक या वनस्पतीला बुसेरोसिया या प्रजातीत घालतात, त्यामुळे शोध घेताना दोन्ही नावे ठाऊक असलेली बरी.

जाण्यासाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. भर पावसाळ्यात कडा धुक्यात असतो आणि पायऱ्या निसरड्या होतात. उन्हाळ्यात तिची पाने गळून केवळ राखाडी-हिरवी खोडे उरतात, ती नवख्या माणसाला ओळखता येणे अवघड. नाशिक महामार्गाने चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला यावे आणि तेथून डावीकडे जुन्नरला वळावे. अंतर साधारण 95 किलोमीटर आहे, पण चाकणच्या वाहतूक कोंडीचा नेम नसल्याने पहाटे निघणेच शहाणपणाचे. एसटीने यायचे असल्यास जुन्नरला उतरून रिक्षाने गडाच्या पायथ्याशी पोहोचता येते.

गडावर चढण्यासाठी सात दरवाजांची पायऱ्यांची वाटच धरावी. साखळीच्या वाटेने कडा जवळून दिसेल असा मोह होतो, पण तेथे दोन्ही हात कातळाला लागलेले असतात आणि निरीक्षण करायला उसंत मिळत नाही. पायऱ्यांवर, इतरांची वाट न अडवता, कडेला थांबून दुर्बिणीने कातळाच्या भेगा एकेक करून न्याहाळाव्यात. हे काम चिकाटीचे आहे. सोनकीचा पिवळा रंग आणि तेरड्याचा गुलाबी रंग सतत लक्ष वेधून घेतात, आणि हवी असलेली वनस्पती मात्र कातळाच्या रंगात मिसळलेली असते. बोटाएवढी जाड, भेगेतून बाहेर येऊन खाली लोंबणारी खोडे आणि त्यांच्या टोकांकडे असलेली जाडसर लंबगोल पाने ही तिची खूण. तिचे जवळचे भाऊबंद जवळजवळ पर्णहीन असतात, हिला मात्र पावसाळ्यात ठळक पाने फुटतात.

फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचे असते. पाच पाकळ्यांच्या त्या चांदणीचा गडद तांबूस-किरमिजी रंग, त्यावरील पिवळसर नक्षी आणि कडांची बारीक लव हे दुर्बिणीतून स्पष्ट दिसले, तेव्हा आमच्यापैकी कोणीही बराच वेळ दुर्बीण दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नव्हते. परागीभवन माश्यांकडून होते आणि त्यासाठी फुलाला किंचित दुर्गंध असतो. आम्ही होतो तेथून तो जाणवणे शक्य नव्हते आणि त्याची खंतही वाटली नाही.

पायऱ्यांवर काकडी विकणाऱ्या मावशींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “हाय की वर कड्याला, पण हात न्हाई पोचायचा.” माझ्या मते ती टिकून राहण्याचे मोठे कारण हेच आहे. तिची कोवळी खोडे गुराखी कच्ची खातात, शेळ्याही खातात. त्यात वणवे आणि दरडींची भर पडते, त्यामुळे जेथे पाय पोहोचतो तेथे ती क्वचितच उरते. म्हणूनच जवळून छायाचित्र घेण्यासाठी पायऱ्या सोडून कड्याकडे सरकू नये. त्यात तिला धोका आहे आणि आपल्यालाही. शिवनेरीच्या कड्यांवर आग्यामोहोळे असतात आणि पर्यटकांवर मधमाश्यांचे हल्ले झालेले आहेत. उग्र अत्तर लावू नये आणि धूर करू नये. छायाचित्रे प्रसिद्ध करताना नेमके स्थान दर्शवणारी माहिती काढून टाकावी.

खोडाचा तुकडा सहज रुजतो, म्हणून “एक फांदी आणली तर काय बिघडले” असा प्रश्न आमच्या गटातही निघाला. परदेशातील छांदिष्टांच्या कुंड्यांमध्ये ती वर्षानुवर्षे सुखाने वाढते आहे हे खरे, पण कड्यावरची संख्या त्याने वाढत नाही. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राने तिच्या संवर्धनाचे काम केले आहे. आपण त्या कामात हौसेची भर घालू नये.

ज्यांना जुन्नर लांब पडते त्यांनी पुरंदरचा विचार करावा, कारण तेथूनही या वनस्पतीची नोंद आहे आणि पुण्यापासूनचे अंतर निम्म्याहून कमी आहे. मात्र तो परिसर लष्कराच्या ताब्यात असल्याने छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे आणि संध्याकाळी प्रवेश बंद होण्यापूर्वी खाली उतरता येईल अशा बेताने निघावे.