गोळी सुरू झाली आणि काउंट दुप्पट

परळच्या आमच्या लॅबमध्ये कल्याणहून एक मुलगा वडिलांच्या रक्ताची ट्यूब घेऊन स्वतः आला. वडिलांना क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा रक्ताचा कर्करोग. त्यावरची इब्रुटिनिब ही गोळी सुरू होऊन पाचेक आठवडे झालेले आणि पांढऱ्या पेशी ७० हजारांवरून दीड लाखावर. "मॅडम, औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टरांनी गोळी बंद केली. आजार कुठवर गेलाय तेवढं सांगा."

सीएलएलच्या पेशी फार नाजूक. काचेवर ओढताना फुटतात, नुसते डाग उरतात. म्हणून रक्तात अल्ब्युमिनचा थेंब मिसळूनच मी स्लाइड करते. हा खटाटोप हल्ली फारसं कुणी करत नाही. पेशी अखंड दिसल्या: लहान, प्रौढ, एकसारख्या. मोठ्या, बिघडलेल्या पेशी शोधूनही सापडेनात. हिमोग्लोबिन तर वाढलेलं.

"बाबांच्या मानेच्या गाठी?"

"त्या बसल्या की! शर्टाचं वरचं बटण लागतं आता."

मग काय ते कळलंच. गाठीत असताना या पेशींच्या बी-सेल रिसेप्टरला, म्हणजे पृष्ठभागावरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, सतत चिथावणी मिळते आणि त्या तिथेच वाढतात. त्या साखळीतलं बीटीके हे प्रथिन इब्रुटिनिब अडवतं. पेशींना गाठीत धरून ठेवणारे संदेशही त्यामुळे ढिले पडतात आणि पेशी रक्तात उतरतात. काउंट चढतो तो गाठी रिकाम्या होतात म्हणून.

सगळ्यांचं सारखं नसतं. आयजीएचव्ही हे अँटिबॉडी घडवणारं जनुक न बदललेल्यांच्या पेशी रिसेप्टरच्या इशाऱ्याला जोरात उत्तर देतात. बदललेल्यांच्या बऱ्याचदा थंड असतात. हे दोन गट १९९९ मध्ये स्पष्ट झाले. या गोळीवर दुसऱ्या गटाचा काउंट कधीकधी वर्षाहून जास्त काळ चढाच राहतो. काकांची जुनी फाइल उघडली, ते या बदललेल्यांच्याच गटातले.

डॉक्टरांना लगेच फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोळी पुन्हा सुरू केली. पण मधल्या दिवसांत किती पेशी परत गाठीत जाऊन बसल्या असतील, ते माझ्या मशीनला रक्तातून सांगता येत नाही, आणि तेच डोक्यातून जात नाही. एकट्या काउंटवरून आजार बळावला असं या औषधावर म्हणायचं नसतं, हे मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलेलं आहे. तरी रिपोर्टवर तो आकडा लाल छापला जातो आणि सगळे त्यालाच घाबरतात.

आमच्या फॉर्मवर 'चालू औषधे' असा रकाना आहे. तो कुणी भरत नाही. आता सीएलएलच्या नमुन्याबरोबर तो रिकामा आला, की औषध विचारून घेतल्याशिवाय मी रिपोर्ट सोडत नाही. काउंटरवरचे कुरकुरतात.