आवाज गेलाय, तंबोरा आहे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. खानापूर तालुक्यातून एक गृहस्थ वडिलांचा ॲम्प्लिफायर रिक्षात घालून बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. वडील निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे. तक्रार काय विचारलं, तर मुलगा म्हणाला, "आवाज गेलाय म्हणतात ओ. तंबोरा आहे, तबला आहे, पण गाणाऱ्याचा आवाजच गेलाय म्हणे. आता वय झालं त्यांचं. आम्हाला ऐकू येतंय की, जरा लांबून गायल्यासारखं. तुम्ही एकदा बघून द्या, म्हणजे त्यांचं समाधान होईल."

मी वहीत लिहिलं, 'आवाज कमी'. पुढचं सगळं लिहायचं सोडून दिलं. ती चूक अजून मनातून जात नाही.

आमच्याकडे गिऱ्हाईक मराठी असो नाहीतर कन्नड, तक्रार एकाच शब्दात येते. 'आवाज येईना' किंवा 'सौंड बरवल्दु री'. खानापूर-जांबोटीच्या पावसातून आलेल्या सेटमध्ये मुंग्या, पालीची अंडी, गंजलेला रिले हे ठरलेलंच. घूं असा आवाज येत असेल तर पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर सुकलेला असतो, बटण फिरवताना खरखर झाली तर व्हॉल्यूम कंट्रोल. त्यामुळे सेट समोर आला की हात आपोआप चालतात आणि कान बंद होतात.

तो सेट मात्र जीव लावावा असाच होता. चाळीस वर्षांचा, जड ट्रान्सफॉर्मरचा, आउटपुटला प्रत्येक बाजूला ३०५५ नंबरच्या पॉवर ट्रान्झिस्टरची जोडी. आधी १०० वॅटच्या बल्बच्या सिरीजमधून लावला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे कुठे शॉर्ट नाही. झाकण काढल्यावर कळलं की माझ्याआधी कुणीतरी हात घातलाय. उजव्या बाजूची जोडी बदललेली होती. नव्या ट्रान्झिस्टरवर थिनरचा बोळा फिरवला, तर छापलेला नंबर पुसून आला. बनावट माल. मूळची जोडी चांगली असणार, कारण आजूबाजूचा एकही रेझिस्टर तापून काळा पडलेला नव्हता. बोर्ड न तपासता पार्ट बदलायचे आणि गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे, या प्रकाराने आमच्या धंद्याचं नाव जेवढं खराब केलंय तेवढं कशानेच केलं नाही. मी खरी जोडी घातली, खाली करंट अडवून उष्णता जाऊ देणारा नवा अभ्रक आणि पेस्ट लावली. दोन्ही बाजूंचं आउटपुट डीसी, म्हणजे स्पीकरकडे जाऊ नये तो व्होल्टेज, मोजलं. २० मिलिव्होल्टच्या आत, म्हणजे ठीक. दुकानातल्या स्पीकरवर दिवसभर वाजवला. उत्तम वाजला. दिला पाठवून.

चौथ्या दिवशी मुलाचा फोन. "बाबा म्हणतात, तसंच आहे." सेट पुन्हा आला, पुन्हा माझ्याकडे उत्तम वाजला. या वेळी मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आम्ही बेळगावात कान तपासून घेतलेत. मशीन पण घेतलंय. घालतच नाहीत. सेटच बिघडलाय म्हणतात."

मला वाटलं, असेल तसंच. हो, मलाही तेच वाटलं.

तरी एका रविवारी मी स्वतः गेलो. पंचवीसेक किलोमीटर, सगळा रस्ता पावसात. गुरुजी पडवीत बसले होते. नमस्कार केला तर म्हणाले, "या. तुम्ही ऐका, मग बोलू." कुमार गंधर्वांची तबकडी लावली. सुळेभावी, त्यांचं जन्मगाव, आमच्याच जिल्ह्यातलं. गुरुजी त्यांच्याविषयी घरच्या माणसासारखं बोलत होते.

तंबोरा दोन्हीकडून भरून आला. तबल्याचा थोडा भाग आला. आणि गाणं कुठेतरी विहिरीच्या तळाशी. स्वर नव्हताच, त्याचा घुमारा तेवढा होता. "आता ही," म्हणत त्यांनी दुसरी, जुनी मोनो तबकडी लावली, दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली. तिच्यात तर नुसती चरचर.

मी उठून बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवलं. उजवा स्पीकर बंद पडायला हवा होता. तो वाजतच राहिला, आणि गाणाऱ्याचा आवाज परत आला. अंगावर काटा आला माझ्या.

दोन स्पीकरना ॲम्प्लिफायरपासून चार तारा जातात, दोन जायच्या, दोन परतीच्या. या घरात परतीची तार एकच होती, दोघांत मिळून. ती तुटली की करंटला परत यायला वाट राहत नाही. तो एका स्पीकरमधून शिरून दुसऱ्यातून उलटा निघतो, आणि दोन्ही बाजूंचा फरक तेवढा ऐकू येतो. गायक रेकॉर्डिंगमध्ये मधोमध असतो, दोन्हीकडे सारखा. सारखं ते वजा होतं. बाजूला पसरलेला तंबोरा राहतो. मोनो तबकडीत सगळंच सारखं, म्हणून सगळंच जातं. उरते ती धूळ. दुकानात माझे स्पीकर, माझ्या चार तारा. तिथे हा दोष कधीच दिसला नसता.

मुलाने आठवून सांगितलं, घर रंगवलं तेव्हा वायरमनने उघड्या तारा काढून पट्टीतून तीन तारांची वायर नेली होती. दाराच्या वरच्या डब्याचं झाकण उघडलं. टेप चिकट होऊन सुटलेली, आत मुंग्यांनी आणलेली माती, आणि काळ्या तारेचा पीळ हिरवा पडून तुटलेला. दोन टोकांत नखभर अंतर. वायरमनने पैसे वाचवले नव्हते, त्याला लाइटच्या तारा आणि स्पीकरच्या तारा एकच वाटल्या, एवढंच.

मी दोन्ही स्पीकरना वेगळ्या जोडतारा ओढल्या. दीड व्होल्टचा सेल लावून कोन कुठल्या टोकाला पुढे येतो ते बघून प्लस-मायनस जुळवलं. तबकडी लावली. गाणं दोन स्पीकरच्या मधोमध, भिंतीवरच्या घड्याळाखाली येऊन उभं राहिलं.

गुरुजी काही बोलले नाहीत. मुलगा आत निघून गेला. तीन महिने त्या घरात सगळे त्यांना 'तुम्हाला ऐकू येत नाही' म्हणत होते, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी अचूक दोष सांगितला होता. माझ्या तीस वर्षांत असा नेमका शब्द कुठल्या गिऱ्हाइकाने दिला नव्हता.

तबकडी संपल्यावर ते म्हणाले, "आवाज आला. पण तंबोऱ्याची जवारी पूर्वी जास्त यायची. तेवढं बघा." जवारी म्हणजे तारेची ती बारीक झणकार.

मी ट्वीटरला, म्हणजे बारीक स्वरांच्या छोट्या स्पीकरला, कान लावला. दोन्ही वाजत होते, स्वच्छ. दोष तिथे नव्हता. वयाप्रमाणे बारीक, वरचे स्वर आधी जातात, हे मला माहीत आहे. मुलगा दारात येऊन उभा होता, माझ्याकडेच बघत. मी ट्रेबल दोन खुणा वाढवला. "आता बरोबर," गुरुजी म्हणाले.

कानाचं मशीन कपाटावर डब्यात तसंच होतं. ते घातलं असतं तर जवारी कदाचित आणखी ऐकू आली असती. त्या दिवशी, त्या घरात, ते माझ्या तोंडून निघालं नाही. बोलायला हवं होतं का, हे मी अजून स्वतःला विचारतो.