गोसेखुर्दच्या पाण्यावर शीड उभारून एकट्याने काढलेला दिवस

एकट्याने शिडाच्या होडीतून काठाकाठाने फिरायचं असेल तर काठापासून लांब राहायचं. नौदलात असताना मुंबईबाहेरच्या समुद्रावर मला हे शिकवलं गेलं, आणि भंडारा जिल्ह्यातल्या गावी परतल्यावर गोसेखुर्द धरणात अडलेल्या वैनगंगेच्या पाण्यावर ते जास्तच पटलं. वारा काठाकडे वाहत असेल तर होडी तिकडेच रेटली जाते. दोघं असले तर एक सुकाणू धरतो, दुसरा शीड सांभाळतो. एकट्याचा हात अडकला की तेवढ्यात काठ अंगावर येतो. लांब असलो तर निदान सावरायला वेळ मिळतो.

समुद्रावर खडक चार्टमध्ये, म्हणजे समुद्राच्या नकाशात, दाखवलेले असतात, भरती-ओहोटीचं कोष्टकही मिळतं. गोसेखुर्दच्या जलाशयात भरती नाही, पण कालव्यांना पाणी सुटलं की पातळी उतरत जाते. दिवाळीत ज्या बुडालेल्या झाडावरून होडी सहज जाते, त्याचं खोड फेब्रुवारीत पाण्याच्या जेमतेम खाली असतं. त्याचा चार्ट मला कुठे मिळाला नाही. तो आहे ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांच्या डोक्यात. म्हणून निघायच्या आधी मी पुनर्वसन वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या ढिवर (मासेमार) बाबाजींकडे जाऊन बसलो. त्यांनी काडीने अंगणातल्या मातीवर सगळं काढलं: पांदण, बोडी (लहान तळं), मारुतीचं देऊळ, दोन विहिरी, आमराई. स्वतःचं घर मात्र काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

‘‘आमराईकडून नको जाऊ बाबू,’’ ते म्हणाले. ‘‘आंबे उभेच बुडाले. मधातून जा. नदी तिथूनच जाये पहिले.’’

सकाळी वारा नव्हता. लाइफ जॅकेट चढवलं, फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गळ्यात अडकवला, कुठवर जाणार आणि किती वाजता परतणार ते बायकोला सांगितलं. एकट्याने निघताना हे शेवटचं काम सगळ्यांत महत्त्वाचं आहे असं मी मानतो. जाळी कुठे लावली आहेत ते मासेमारांना आदल्या दिवशीच विचारलं होतं. जाळ्यांवर तरंगणारे थर्मोकोलचे तुकडे टाळत वल्ह्यांनी बाहेर आलो.

ऊन तापल्यावर उत्तरेचा वारा सुटला. मला उत्तरेलाच जायचं होतं, अंभोऱ्याच्या दिशेने. आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं म्हणजे परतताना, हात थकलेले असताना, वारा पाठीशी राहतो. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट समोर जात नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, अशी नागमोडी चढावी लागते. प्रत्येक वळणाला सुकाणू ढकलायचं, शिडाच्या खालच्या आडव्या काठीखालून डोकं वाकवून पलीकडे बसायचं आणि शिडाची दोरी पुन्हा ओढून घ्यायची.

आमराई डावीकडे होती. समोर वसाहतीची पाण्याची टाकी आणि तिच्या बरोबर मागे टेकडीचं टोक, या दोन खुणा एका रेषेत दिसल्या की मी जुन्या नदीपात्रावर आहे, हे बाबाजींच्या नकाशावरून काढलं होतं. टाकी टोकाच्या उजवीकडे सरकली म्हणजे मी आमराईकडे गेलो. ती सरकायला लागली की लगेच वळायचं, असं ठरवून टाकलं. जीपीएस ठिपका दाखवतो, पण वाऱ्यात दोन्ही हात गुंतलेले असताना नजर वर ठेवून वापरता येणारी खूण मला जास्त भरवशाची वाटते. त्या बाजूला पाण्याबाहेर आलेल्या काळ्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले दिसत होते. खाली आणखी किती खोडं असतील ते दिसत नव्हतं.

दुपारी वाऱ्याचा जोर वाढला. लाटांना पांढरे शेंडे यायच्या आधीच दोरी सैल सोडून शिडाचा खालचा भाग गुंडाळून बांधला. अंभोऱ्याचा पाच नद्यांचा संगम आणि तिथलं चैतन्येश्वराचं देऊळ अजून लांब होतं. एक वाजता फिरायचं ठरलं होतं, त्याप्रमाणे फिरलो.

पाठीशी वारा असला की सगळं शांत वाटतं, आणि तिथेच खरा धोका असतो. मागून येणारा वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूने लागला तर आडवी काठी झपाट्याने पलीकडे येते. डोक्यावर बसली तर एकट्याला उचलायला कोणी नाही. म्हणून बाजू बदलायची वेळ आली तेव्हा मी होडी वाऱ्याच्या तोंडाकडून लांबचा फेरा मारून वळवली. वेळ गेला तर जाऊ दे.

पाचच्या आत काठाला लागलो, घरी फोन केला. संध्याकाळी बाबाजींना सांगितलं की आमराईच्या टोकाला एक झाड इतरांपेक्षा जास्त वर आलंय, दोन फाट्यांचं. ‘‘तो खोबऱ्या,’’ ते लगेच म्हणाले, आणि त्याच्या पूर्वेला दगडी बांधाची विहीर आहे, तिच्यावरूनही होडी नेऊ नको म्हणून बजावलं. ती विहीर मी वहीत टिपून घेतली. पवनीकडच्या पाण्यासाठी तिथल्या गावातलं कोणीतरी शोधायचं आहे.