सुर्ल्याचा उतार, परतीचा पाऊस आणि हँडलचा रेडिओ

हँडल फिरवून चार्ज होणाऱ्या या रेडिओबद्दल दुकानदार जे सांगतो त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेल्या निम्म्याच्या जोरावर आम्ही चौघांनी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या जंगलात एक रात्र सुखरूप काढली. ऑक्टोबरात तिकडे जाणार असाल आणि असला रेडिओ घ्यायचा विचार असेल, तर पुढचं वाचून मग काय ते ठरवा.

म्हापशात शुक्रवारच्या बाजाराला गेलो होतो, तिथे एका दुकानात तो दिसला. वर सौर पट्टी, बाजूला दुमडणारं हँडल, पुढे टॉर्च, मागे सायरन. किंमत २,८०० रुपये. "दादा, मोबाइल मेला तरी काळजी नाही. हँडल फिरवा, फुल्ल चार्ज. पाठीवर अडकवून चाला, उन्हात आपोआप भरतो," इति दुकानदार. खोक्यावर 'वेदर बँड' असंही होतं, हवामानाचा वेगळा बँड. घाटात उतरायचं म्हणून मी त्या शब्दाला भुललो. नंतर तोच रेडिओ फोंड्यात १,६०० ला मिळत होता. घासाघीस न करता घेऊ नका.

वाळपई, केरी, अंजुणे धरणाचं पाणी, चोर्ला घाटाने सुर्ला: हा पहिला दिवस सोपा आणि छान गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मुक्कामाच्या घरच्या आजींनी उकड्या तांदळाची पेज वाढली आणि आम्ही लवकर झोपलो.

दुसऱ्या दिवशी सुर्ल्याहून जंगलवाटेने पायथ्याला उतरायचं होतं. वन खात्याची परवानगी हातात होती, वाटाड्या मामा बरोबर होते, तरी निघायला अकरा वाजवले. या अख्ख्या सहलीतली मोठी चूक ती. परतीच्या पावसाचा नेम सकाळी नसतो, दुपारी असतो. सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं, दोननंतर घाटमाथ्यावर ढगांचे मनोरे, चारला कडकडाट. आठ वाजेपर्यंत उताराला लागता येत नसेल तर त्या दिवशी उतरूच नका.

उताराचा वरचा भाग ठीक आहे. खालच्या अर्ध्यात वाट दोन व्हाळांमधून, म्हणजे ओढ्यांमधून, जाते आणि मधला पट्टा म्हणजे ओली जांभी दगडं, त्यावर शेवाळ, त्यावर कुजलेली पानं. पाऊल ठेवलं की दगड हलत नाही, पाऊलच सरकतं. जळवा सांगत नाही, त्या सगळीकडे असतात. तो जेमतेम एक-दीड किलोमीटर उतरायला आम्हाला दोन तास लागले. बूट चांगले होते, काठ्या होत्या, चौघंही सह्याद्रीत फिरलेले. तरीही.

पहिला व्हाळ घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला. दुसऱ्यापाशी पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते आणि पाणी मांडीपर्यंत, रंग चहासारखा. आमच्या डोक्यावर अजून थेंबही पडला नव्हता. मामांनी एवढंच म्हटलं, "पावस वयर पडटा, उदक सकयल येता." पाऊस वर पडतो, पाणी खाली येतं. मागे फिरून पहिल्या व्हाळापर्यंत गेलो तर तोही भरलेला. दोन व्हाळांच्या मधे अडकलो.

मोबाइलला त्या घळीत रेंज नव्हती. धोक्याची सूचना थेट मोबाइलवर येण्याची सोय आता देशात आहे, अशाच सूचनांचं 'सचेत' ॲप आहे, ते सगळं टॉवरच्या भरवशावर. टॉवर नाही तर मदतीचा ११२ क्रमांकसुद्धा नाही.

रेडिओ काढला. बॅटरी जवळजवळ रिकामी. दोन दिवस सॅकवर सौर पट्टी वर करून बांधला होता, मुक्कामी त्याचाच टॉर्च वापरला होता, आणि भरला असेल या विश्वासावर मी तो भिंतीच्या प्लगला लावलाच नव्हता. घरी आल्यावर पट्टी मोजली: ८ सेंटीमीटर बाय ४. एवढ्याशा तुकड्यातून डोक्यावरच्या कडक उन्हातही अर्ध्या वॉटच्या आसपासच वीज निघते. आतली २,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण साडेसात वॉट-अवर, एक वॉटने भरली तर साडेसात तास. भर दुपारचं ऊन पंधरा तास मिळालं तर ती भरेल, आणि जंगलात झाडांखालून तुम्हाला त्यातलं काहीच मिळत नाही. सौर पट्टी शोभेची आहे, तिच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

मग हँडल. सेकंदाला दोन फेरे, एकसारखे. जोरात फिरवून फायदा नाही, आतले दाते प्लॅस्टिकचे असतात. रेडिओ गुडघ्यावर दाबून धरला नाही तर हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला तो हातात वळवळतो आणि बोटांची पेरं डब्याच्या कडेवर सोलली जातात. माझी सोलली गेली. मिनिटभर फिरवलं की हळू आवाजात पाच-सात मिनिटं रेडिओ वाजतो, हे घड्याळ लावून पाहिलं. चौघं पाळीपाळीने फिरवत होतो. हँडल खरं आहे.

त्याने मोबाइल भरतो हे मात्र खोटं. वीस मिनिटं आळीपाळीने फिरवलं, आतेभावाच्या फोनवरचा आकडा ३ वरून ४ झाला. हिशोब सरळ आहे: आजच्या फोनची बॅटरी १९ वॉट-अवरच्या आसपास, हँडलमधून मिळतो फार तर एक-दोन वॉट. पूर्ण फोन भरायला दहा तासांहून जास्त. मोबाइलसाठी वेगळी पॉवर बँक न्या, यात चर्चेला जागा नाही.

आणि तो 'वेदर बँड'! सगळी बटणं दाबली, नुसती खरखर. तो बँड अमेरिकेतल्या हवामान केंद्रांसाठी आहे, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ. भारतात त्यावर हवामानाचं काहीच लागत नाही. गोव्याच्या दुकानात तो गुण म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि मला राग त्याचाच सर्वांत जास्त आला.

तारलं ते मीडियम वेव्हने, रेडिओवरच्या एफएमखेरीजच्या जुन्या पट्ट्याने. वर सुर्ल्याच्या पठारावर १०५.४ चं एफएम खणखणीत होतं, घळीत आल्यावर गायब. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मधे डोंगर आला की संपलं. मीडियम वेव्ह जमिनीच्या लगत वळत येते. १२८७ किलोहर्ट्झवर आकाशवाणी पणजी आधी फुसफुसत लागलं. मग मामांनी रेडिओ हातात घेऊन आडवा धरला आणि हळूहळू फिरवला, एका दिशेला आवाज एकदम उघडला. आत काळ्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार असते, तीच मीडियम वेव्हचा अँटेना. बाहेरची लांब काडी एफएमसाठी असते, ती ताणत बसू नका, डबा फिरवा. टॉर्च चालू असताना किंवा हँडल फिरवत असताना मीडियम वेव्हवर गुणगुण येते. आधी फिरवून घ्या, दिवा बंद करा, मग ऐका.

सहाच्या सुमारास पाणी वीतभर उतरल्यासारखं वाटलं. आतेभाऊ म्हणाला, "दादा, आत्ताच निघू, अंधार पडला की अडकू." मलाही मोह झाला. तेवढ्यात कोकणी बातम्यांत आतल्या तालुक्यांना रात्री आणि दुसऱ्या दिवशीही गडगडाटासह पावसाचा इशारा सांगितला. शिवाय मामांनी काटा खाली ५४० च्या जवळ, कुठलंच स्टेशन नसलेल्या जागी नेला आणि म्हणाले, आयका. कर्र, कर्र, मधे थोडं थांबून पुन्हा कर्र. प्रत्येक विजेची करकर मीडियम वेव्हवर येते, गडगडाट कानावर येण्याच्या कितीतरी आधी, दूरच्या विजेचीसुद्धा. करकर दाट होत चालली होती. आम्ही थांबलो. अर्ध्या तासाने व्हाळातून लाकडाचा ओंडका दगडांवर आपटत गेला, पाणी छातीएवढं. आतेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

रात्र पाण्यापासून वीस-पंचवीस फूट वरच्या एका सपाट खडकावर काढली. अंधार पडल्यावर आकाशवाणी धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर स्वच्छ लागलं, मागून आणखी लांबची स्टेशनं येत-जात होती. कन्नड कळत नव्हतं तरी कोणीतरी बोलतंय याचा आधार फार मोठा. याच सह्याद्रीत, आंबोली आणि पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून, १९५५ च्या नोव्हेंबरपासून गोवा मुक्त होईपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त केंद्र चालवत होते. त्या रात्री ते मला पहिल्यांदा नीट कळलं: अशाच ओल्या काळोखात दोन माणसं वर्षानुवर्षं बसून बोलत होती आणि डोंगराखालच्या घरांत ते ऐकू जात होतं.

सकाळी नऊला पाणी गुडघ्याखाली आलं. सॅकचे कंबरपट्टे सोडून, एकमेकांना धरून ओलांडलं. पायथ्याच्या वाडीतून वाळपईला सोडायला पिकअपवाल्याने २,२०० रुपये घेतले. ओले, उपाशी चौघं पाहिल्यावर त्याने आकडा वाढवला हे उघड होतं. जाण्याच्या आदल्या दिवशीच परतीची गाडी आणि भाडं ठरवून ठेवा, नाहीतर कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसची वेळ विचारून त्या हिशोबाने उतरा.

रेडिओ घ्यायचाच असेल तर मीडियम वेव्ह आहे की नाही ते आधी पाहा. हल्ली फक्त एफएम असलेलेही विकतात, ते घाटात निरुपयोगी. पेन्सिल सेलवरही चालणारा मिळाला तर तोच घ्या आणि सेल वेगळ्या पिशवीत ठेवा. हँडल दुकानातच दोन मिनिटं फिरवा, बिजागरीपाशी ते लवत असेल तर परत करा. 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं मनावर घेऊ नका. माझ्या रेडिओच्या काचेआड सकाळी धुकं साचलं होतं, चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट बसत नाही, झिपच्या जाड पिशवीतच ठेवावा लागतो. सायरनपेक्षा शिट्टी लांब ऐकू जाते. आणि निघण्याच्या आदल्या रात्री तो भिंतीच्या प्लगला लावून पूर्ण भरा, टॉर्च म्हणून वापरू नका. पूर्ण भरलेला असता तर माझ्या हिशोबाने हळू आवाजात पंचवीसेक तास वाजला असता आणि त्या रात्री चौघांचेही दंड भरून आले नसते.

मामांना मी तो रेडिओ तिथेच द्यायला निघालो होतो. त्यांनी घेतला नाही. घरी त्यांच्याकडे दोन सेलचा जुना ट्रान्झिस्टर आहे, रोज सकाळी लावतात, बाहेर पडण्याआधी.