तुम्ही विचारलंत म्हणून: सी मध्ये आकड्याची स्ट्रिंग कशी करायची?

दादरला सी ही प्रोग्रामिंग भाषा शिकवतो, आणि दर बॅचला कोणीतरी विचारतंच, सर, कॉलेजच्या टर्बो सी कंपायलरमध्ये आयटोआ (itoa, आकड्याची स्ट्रिंग म्हणजे कॅरेक्टरची रांग करून देणारं फंक्शन) चालत होतं, घरी जीसीसी कंपायलरवर टाकलं तर एरर येतो, आता इंटची (पूर्णांकाची) स्ट्रिंग करायची कशी? अरे, आयटोआ सी च्या स्टँडर्डमध्ये नाहीच, टर्बो सी वाल्यांनी ते आपल्या मनाने दिलेलं. एसएनप्रिंटएफ (snprintf) वापरा, ते आपण दिलेल्या अ‍ॅरेत आकडा स्ट्रिंग म्हणून लिहितं, 1999 च्या स्टँडर्डपासून आहे.

पण लगेच पुढचा प्रश्न येतो, अ‍ॅरे किती साइझचा घेऊ? माझ्या मते खरी गोम इथेच आहे. पायथॉनवाल्यांना स्ट्रिंगच्या जागेची फिकीर नसते, सी मध्ये मात्र विरार लोकलमध्ये रुमाल टाकून सीट धरतात तशी जागा आधी आपणच धरायची. 32 बिटच्या इंटमध्ये सगळ्यात लांब आकडा -2147483648, म्हणजे 10 अंक, एक वजाचं चिन्ह आणि स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा नल, झाले 12 बाइट. मुलं हमखास 10 घेतात. मग साधं एसप्रिंटएफ (sprintf, याला साइझ सांगताच येत नाही) काही न विचारता शेजारच्या मेमरीत लिहून मोकळं होतं आणि प्रोग्राम भलतीकडेच कुठेतरी कोसळतो. एसएनप्रिंटएफ दिलेल्या जागेपुरतंच लिहितं, वर नल सोडून एकूण किती कॅरेक्टर लागली असती तेही सांगतं, तो आकडा तुमच्या साइझएवढा किंवा जास्त आला की समजायचं स्ट्रिंग कापली गेलीय.

इंटरव्ह्यूला हेच हाताने लिहायला लावतात. 10 ने मॉड्युलो (म्हणजे भागून उरलेली बाकी), त्यात शून्याचं कॅरेक्टर ('0') मिळवा, मग 10 ने भागा, असं फिरत राहायचं. 407 चे अंक 7, 0, 4 असे उलटे निघतात, म्हणून बफर (म्हणजे तो अ‍ॅरे) शेवटाकडून भरत या, रिव्हर्सची भानगडच नको. लूप डू-व्हाइल (आधी काम, मग अट तपासणारा) घ्या, नाहीतर 0 दिला की रिकामी स्ट्रिंग. निगेटिव्ह आकडा आला की सगळे बिनधास्त पॉझिटिव्ह करून टाकतात, पण इंट 2147483647 लाच संपतो हो, त्यामुळे त्या सगळ्यात लहान आकड्याचं चिन्ह बदललं की अनडिफाइन्ड बिहेविअर, म्हणजे पुढे काय होईल याची सी हमी देत नाही. त्यापेक्षा उलट करा, पॉझिटिव्ह आकडेच निगेटिव्ह करून घ्या, ते सगळे बसतात, आणि -7 चा 10 ने मॉड्युलो -7 च येतो, तो शून्याच्या कॅरेक्टरमधून वजा करायचा.

आणि फंक्शनच्या आतला लोकल अ‍ॅरे रिटर्न करू नका, फंक्शन संपलं की ती जागा आपली राहत नाही. बफर आणि साइझ दोन्ही कॉल करणाऱ्याकडून घ्या. अ‍ॅरे स्टॅटिक (सगळ्या कॉलना एकच, टिकून राहणारा) करून वेळ मारून नेलीत तर एकाच प्रिंटएफमध्ये ते फंक्शन दोनदा कॉल करून बघा, दोन्हीकडे एकच आकडा छापला जाईल.