एमएसची गोळी आणि डोळ्यांची तपासणी – माझा अनुभव

मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार आहे. न्यूरोलॉजिस्टनी त्यावर फिंगोलिमोड ही गोळी सुरू करायचं ठरवलं तेव्हा रक्ताच्या टेस्ट, ईसीजी हे सगळं अपेक्षित होतं, पण सोबत रेटिनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. या गोळीने काही जणांना मॅक्युलर एडिमा होतो, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाला, ज्याने आपण वाचतो, चेहरे ओळखतो, तिथे सूज येते. प्रमाण कमी आहे, 0.5 टक्क्याच्या आसपास, पण डायबिटीस असेल किंवा आधी युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतल्या भागाचा दाह) झाला असेल तर धोका जास्त. बहुतेक वेळा पहिल्या 3-4 महिन्यांत होतो म्हणून एक तपासणी गोळीच्या आधी आणि एक साधारण तेवढ्या महिन्यांनी.

माझ्या उजव्या डोळ्याला ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेचा दाह, एमएसमध्ये होतो) होऊन गेलाय, लाल रंग त्या डोळ्याला अजून फिका दिसतो, मग उद्या धूसर दिसलं तर ते जुनंच आहे, एमएसचा नवीन अटॅक आहे की गोळीची सूज आहे हे कसं कळणार? म्हणून पहिला रिपोर्ट मला फार महत्त्वाचा वाटतो, नंतरचं सगळं त्याच्याशीच ताडून बघतात.

तपासणीत त्रास काही नाही. ओसीटी म्हणजे डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन, त्यात हनुवटी टेकवून एका खुणेकडे बघत बसायचं, डोळ्याला काही लागत नाही, आणि पडद्याचे थर किती जाड आहेत ते मायक्रॉनमध्ये येतं. बाहुली मोठी करायच्या थेंबांनी मात्र काही तास जवळचं नीट दिसत नाही आणि उजेड खुपतो, त्यामुळे गाडी चालवायची नाही, कोणालातरी सोबत न्या. अटॅकला स्टिरॉइड घेतली असतील तर तेही सांगा, मोतीबिंदू आणि डोळ्याचं प्रेशर बघायला लागतं.

दुसऱ्या ओसीटीत सूज नव्हती, खूप हायसं वाटलं. मला काही जाणवत नव्हतं तरी गेले कारण सुरुवातीला सूज असूनही लक्षणं नसू शकतात. आता घरी एकेक डोळा झाकून ॲम्सलर ग्रिड (चौकटी चौकटींच्या रेघांचा तक्ता) बघते. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर अंधुक होतं पण अंग गार झालं की पूर्ववत, ते एमएसमध्ये होतं. पण रेघा वाकड्या दिसल्या, मध्ये डाग आला, डोळा हलवताना दुखलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा, आणि गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही, अचानक सोडली तर एमएस जोरात उसळू शकतो, तो निर्णय डॉक्टरांवरच सोडायचा.